दुसरीची ‘अ’ तुकडी आणि बारावीची ‘क’ तुकडी

मुलीने डिप्लोमाला कॉम्प्युटर शाखेत प्रवेश घेतला आणि घरात कॉम्प्युटर आणणे भाग पडले. भिशीचे पैसे नुकतेच हातात आले होते. नवा परवडणार नाही असे धरून आम्ही नवरा-बायको जुन्या कॉम्प्युटरच्या बाजारात गेलो. दुकानदार म्हणाला, “सर, आय७ आहे. लोक नवा घेतात तोही आय३ घेतात. तुम्हाला त्याहून कमी पैशात आय७ मिळतोय.” आम्ही खूश होऊन घरी आलो. मुलीच्या मामूंनी त्याच सुमारास नवा आय३ घेतला होता. त्यांना आम्ही थोडे चिडवलेसुद्धा.

काही महिन्यांनी मुलगी मामूंच्या घरी प्रोजेक्ट करून आली आणि म्हणाली, “अब्बू, मामूंचा तर आय३ आहे. मग तो आपल्या आय७पेक्षा भरभर कसा चालतो?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. मग दोन्ही प्रोसेसरचे पूर्ण क्रमांक कागदावर लिहून घेतले. आमचा आय७-२६००, मामूंचा आय३-१२१००. आमची चूक तिथेच सापडली.

छोट्या रेघेनंतरचे आकडे पाहा. २६०० मधला २ म्हणजे इंटेलची दुसरी पिढी. हा प्रोसेसर जानेवारी २०११ मध्ये आला. १२१०० मधले १२ म्हणजे बारावी पिढी; हा जानेवारी २०२२ चा. आय३, आय५, आय७ ही नावे त्या-त्या पिढीतले स्थान सांगतात. शाळेच्या भाषेत सांगायचे तर आय७ ही तुकडी आहे, इयत्ता नव्हे. दुसरीच्या ‘अ’ तुकडीतले मूल बारावीच्या ‘क’ तुकडीच्या पुढे आहे, असे आम्ही समजून बसलो होतो.

नुसते वरवरचे आकडे पाहिले तर आणखी फसगत होते. दोन्हींत चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत. मूळ वेग जुन्याचा ३.४ गिगाहर्ट्झ, नव्याचा ३.३. जोर लावला की जुना ३.८ पर्यंत जातो, नवा ४.३ पर्यंत. मग इतका फरक कशाने पडतो?

गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती ठोके पडतात ते. एका ठोक्यात किती काम उरकते, हे त्यात दिसत नाही. दोघे जण सारख्याच फेऱ्या मारत आहेत, पण एक जण दर फेरीला एक हंडा आणतो आणि दुसरा दोन, तर पिंप कोणाचे आधी भरेल? नवा प्रोसेसर एका ठोक्यात जास्त सूचना हाताळतो. त्याच्या जवळची कॅश मेमरी ८ ऐवजी १२ एमबी आहे आणि त्याला जोडलेली रॅमही जास्त वेगवान आहे. म्हणून एका कोअरचे काम तो सुमारे दुप्पट वेगाने करतो आणि सगळे कोअर कामाला लावले तर सुमारे अडीचपट. कंपनीच्या तक्त्यात जुन्यापुढे ९५ वॅट लिहिले आहेत, नव्यापुढे ६० वॅट. पूर्ण जोरात तो ८९ पर्यंत जातो.

व्हिडिओचेही तसेच. इंटरनेटवरचे बरेच व्हिडिओ आता व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतीने येतात. ते उलगडायची वेगळी सोय नव्या प्रोसेसरमध्येच आहे. जुन्यात ती नाही, म्हणून सगळा भार कोअरवर पडतो आणि पंखा घोंघावू लागतो.

मात्र सगळा दोष प्रोसेसरचा नव्हता. मामूंकडे एसएसडी होती, आमच्याकडे फिरणारी हार्ड डिस्क. आम्ही एसएसडी बसवली, तेव्हा कॉम्प्युटर पुष्कळ लवकर सुरू होऊ लागला. टायपिंग, हिशेब, निकालपत्रके यांत काहीच अडचण उरली नाही. पण मुलीने मोबाइल ॲप बनवायचे सॉफ्टवेअर उघडले की तो पुन्हा धापा टाकू लागे. तो फरक मात्र प्रोसेसरचा होता.

नुसता प्रोसेसर बदलू म्हटले, तर तेही जमत नाही. दोघांचे सॉकेट वेगळे आहेत, म्हणून मदरबोर्ड बदलावा लागतो आणि त्याबरोबर रॅमही. शिवाय विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा लागतो.

शेवटी आम्ही जुन्या कॉम्प्युटरवर मोफत मिळणारे लिनक्स टाकून तो धाकट्याला दिला. त्याच्या अभ्यासाला तो पुरेसा आहे. मुलीचे जड काम सध्या मामूंच्या घरी चालते आणि आम्ही पुन्हा भिशी लावली आहे.

जुना कॉम्प्युटर घेण्यात कमीपणा नाही. अनेक घरांतली मुले त्यावरच शिकतात. फक्त पैसे मोजण्यापूर्वी तो दुकानातच चालू करायला सांगा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग अबाउट उघडले की प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक दिसतो. तुकडी दुकानदार स्वतःहून सांगेलच. इयत्ता तुम्ही विचारा.