कसोटी हळू आवाजाची

घरात सर्वांत जास्त भांडणे कोणत्या बटणावरून होतात, असे कुणी विचारले तर मी ॲम्प्लिफायरच्या आवाजाच्या बटणाकडे बोट दाखवीन. मुलांना ते उजवीकडे हवे असते, आजोबांना डावीकडे, आणि दुपारी जरा डोळा लागलेल्या माणसाला ते बंदच असलेले बरे! दुकानात मात्र या बटणाची चौकशी कुणी करत नाही. ‘किती वॅटचा?’ हा पहिला प्रश्न. जणू ॲम्प्लिफायर घरासाठी नव्हे, वरातीसाठी घ्यायचा आहे. खरे तर घरातल्या ॲम्प्लिफायरची कसोटी लागते ती हळू आवाजात. पहाटे, घर झोपलेले असताना.

आमचे घर कुंभार पिंपळगावचे. जालना जिल्ह्यातला घनसावंगी तालुका. समर्थांचे जांब इथून जवळच. आमचे अण्णा निवृत्त शिक्षक. पहाटे पाचला उठून अभंग ऐकायचे, तेही शेजारी झोपलेली नातवंडे जागी होणार नाहीत अशा बेताने, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. गेल्या उन्हाळ्यात हा नेम मोडला. विचारले तर म्हणाले, ‘डावा कान गेला बघ. एकाच बाजूनं ऐकू येतं. वय झालं, आता चालायचंच.’ तक्रार नाही, त्रागा नाही. पण घरातली पहाट मुकी झाली, आणि अण्णाही दिवसभर कमी बोलू लागले.

मी त्यांना म्हटले, ‘अण्णा, खुर्ची फिरवून स्पीकरकडे पाठ करून बसा बरं.’ ते बसले. थोडा वेळ ऐकून म्हणाले, ‘अरे, आता उजवीकडून येईना!’ खुर्ची फिरवली की माणसाचे कान त्याच्याबरोबर फिरतात. स्पीकर मात्र जागेवरच राहतात. मुकी बाजू एका कानाकडून दुसऱ्याकडे गेली, म्हणजे दोष खोलीत होता. मग सीडी प्लेअरच्या डाव्या-उजव्या वायरी अदलून पाहिल्या. तरी डावा स्पीकरच गप्प. आवाज वाढवला तर दोन्ही स्पीकर सारखे वाजू लागले. चोर सापडला: व्हॉल्यूम कंट्रोल. दुरुस्तीवाले त्याला ‘पॉट’ म्हणतात. इंग्रजीत पॉट म्हणजे मडकेही. तेव्हा कुंभारांच्या गावात पॉटच कच्चा निघावा, ही एक गंमतच!

या पॉटच्या पोटात कार्बनचा लेप दिलेली, घोड्याच्या नालासारखी पट्टी असते आणि तिच्यावरून एक धातूची जीभ फिरते. डाव्या-उजव्या आवाजासाठी अशा दोन पट्ट्या एकाच दांड्यावर बसवलेल्या असतात. पट्टीवरचा लेप सगळीकडे सारखा नसतो, कारण आपला कानच तसा नाही. आवाज दुप्पट वाटावा म्हणून ताकद साधारण दहापट वाढवावी लागते. म्हणून आवाज मोजायचे डेसिबल हे माप गुणाकाराच्या हिशोबावर बेतलेले आहे. ते ज्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून आले, त्यांची आई जवळजवळ बहिरी होती आणि पत्नी लहानपणीच ऐकू येण्याला मुकली होती.

कानाचा हा हिशोब सांभाळण्यासाठी पॉट अर्ध्यावर फिरवल्यावर सिग्नलचा साधारण दहा ते पंधरा टक्केच भाग पुढे जातो. सुरुवातीच्या टोकाला तर तो इतका थोडा असतो, की दोन पट्ट्यांत जरासा फरक असला तरी एक स्पीकर बोलतो आणि दुसरा गप्प बसतो. त्यात आपल्याकडची उन्हाळ्याची धूळ आत शिरली, की खरखर वेगळीच.

आमच्या घरी आणखी एक भानगड होती. ॲम्प्लिफायर कॅसेटच्या काळातला. त्या काळच्या अनेक ॲम्प्लिफायरांना पूर्ण आवाजासाठी १५० ते २०० मिलिव्होल्ट पुरत. १९८२ मध्ये बाजारात आलेली सीडी साधारण दोन व्होल्टपर्यंत सिग्नल देते, म्हणजे दहापट. साहजिकच बटण जेमतेम हलवले की घर दणाणते, आणि ते कायम त्या खराब टोकाशीच ठेवावे लागते.

उपाय दोन केले. पुण्यात शिकणाऱ्या पुतण्याने तपकीर गल्लीतून चांगल्या प्रतीचा दुहेरी पॉट आणला आणि एक टक्का अचूकतेचे चार रेझिस्टर. प्रत्येक बाजूला एक २२ किलोओहमचा सिग्नलच्या वाटेत आणि एक १० किलोओहमचा त्याच्या पुढून ग्राउंडला जोडला. सिग्नल सुमारे तिसऱ्या हिश्शावर आला आणि बटण पहाटेही बरेच वर, दोन्ही पट्ट्या जुळतात अशा जागी आले. ज्यांना आणखी खर्च परवडतो, ते पॉटऐवजी २४ टप्प्यांचा फिरता स्विच बसवतात. त्यात पट्टीच नसते, प्रत्येक टप्प्याला मोजून जोडलेले रेझिस्टर असतात. त्यामुळे दोन्ही बाजू सदैव जुळलेल्या राहतात.

हे काम करू पाहणाऱ्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. सराव नसेल तर डबा जाणत्या माणसाकडूनच उघडून घ्यावा. नवा पॉट जुन्याच किंमतीचा आणि ‘लॉग’ जातीचा हवा. ‘लिनियर’ बसवला तर सगळा आवाज पहिल्या चतकोर फेरीतच संपतो. आणि पॉटचे धातूचे अंग ग्राउंडला जोडावे, नाहीतर बटणाला हात लावताच गुणगुण सुरू होते.

यंत्र दोषी ठरले म्हणून कान निर्दोष ठरत नाहीत. अण्णांचे कानही आम्ही तपासून घेतले. दोन्ही वयाप्रमाणे थोडे मंदावले आहेत, पण सारखेच. आज किती तरी घरांत म्हातारी माणसे ‘आता ऐकू येत नाही’ म्हणून हळूहळू एका कोपऱ्यात सरकतात. त्यांच्या वयाकडे बोट दाखवणे सोपे असते. त्याआधी एकदा खुर्ची फिरवून पाहायला काय हरकत आहे? दोष कधी कधी चार रेझिस्टरांनी दूर होण्याइतका लहान असतो. आणि मोठ्यांदा वाजणारी यंत्रे बाजारात खंडीभर मिळतात. हळू आवाजात नीट बोलणारे यंत्र मात्र आपल्यालाच घडवून घ्यावे लागते.