नगरांतील सामाईक मालमत्ता व संवित्पत्रें

नगरांचा इतिहास आपल्याकडे बहुधा राजे, किल्ले व लढाया यांच्या अनुषंगानें लिहिला गेला आहे. नगराचें पाणी कोणीं राखलें, पाणपोईची डागडुजी कोणीं केली, तळ्यावर हक्क कोणाचा व तो कशाच्या आधारानें, हे प्रश्न त्या मानानें उपेक्षित राहिले. प्रस्तुत लेखांत एक शिलालेख, एक स्मृतिप्रकरण व एक न्यायालयीन निकाल यांच्या साहाय्यानें एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, सामाईक वस्तु टिकावयाची तर तिच्याविषयींचा ठराव लोकांसमक्ष ऐकविला व लिहून ठेविला गेला पाहिजे. जेथें नोंद नसते, तेथें बळवंताची वहिवाटच पुरावा म्हणून पुढें येते.

प्रथम शिलालेख पाहूं. नाशिकजवळील त्रिरश्मि डोंगरावर, म्हणजे पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात याचा ४२ व्या वर्षाचा लेख आहे. लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंसाठीं त्यानें ३,००० कार्षापणांची अक्षयनीवि, म्हणजे मुद्दल न मोडतां केवळ व्याज उपभोगावयाची ठेव, करून दिली. ही रक्कम त्यानें राजकोशांत ठेविली नाहीं. गोवर्धन नगरांतील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे सोंपविली. एकीकडे २,००० दरमहा शेंकडा एक या दरानें, दुसरीकडे १,००० शेंकडा पाऊण या दरानें. वाचकांनीं हिशेब करून पाहावा : पहिल्या रकमेचें वार्षिक व्याज २४० कार्षापण होतें, आणि लेखांत वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरासाठीं नेमून दिले आहेत. बेरीज तंतोतंत जुळते. यावरून हा लेख नुसती दानस्तुति नसून व्यवहाराचा दस्तऐवज आहे, हें उघड होतें.

याहून महत्त्वाचा भाग लेखाच्या शेवटीं आहे. हा सर्व व्यवहार निगमसभेंत ऐकविण्यांत आला व रूढ आचाराप्रमाणें फलकवारांत, म्हणजे नोंदीच्या दप्तरांत, निबद्ध करण्यांत आला, असें तेथें सांगितलें आहे. दाता राजाचा जांवई. तरीहि त्याच्या दानास नागरिकांच्या सभेपुढील श्रवण व नोंद आवश्यक वाटली. या श्रेणी केवळ दुसऱ्यांच्या ठेवी सांभाळीत होत्या असेंहि नाहीं. जुन्नर येथें धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याची पोढी स्वतः दान केल्याचा लेख उपलब्ध आहे.

हीच व्यवस्था धर्मशास्त्रांत ‘संविद्‌व्यतिक्रम’ या व्यवहारपदाखालीं आली आहे. समूहानें आपसांत केलेल्या ठरावास संवित् किंवा समय म्हणतात. तो मोडणें हा व्यतिक्रम. बृहस्पतीनें सभागृह, पाणपोई, देवालय, तळें व बाग यांच्या डागडुजीसाठीं लोकांनीं एकत्र येऊन समय करावा व तो लेखनिविष्ट करावा, असें सांगितलें आहे. अशा लेखास तो संवित्पत्र म्हणतो. समूहाचें कार्य पाहण्यास दोन, तीन किंवा पांच हितचिंतक नेमावेत, हीहि त्याचीच सूचना. याज्ञवल्क्यानें गणाचें द्रव्य हरण करणाऱ्यास व संवित् मोडणाऱ्यास सर्वस्वहरण व देशत्याग अशी कठोर शिक्षा लाविली आहे. कल्याणीच्या विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत सामयिक धर्माचीं उदाहरणें देतांना गुरचराई, पाण्याचें रक्षण व देवालयाचा सांभाळ हीं घेतलीं आहेत. पाण्याची राखण हा ठरावाचा विषय आहे, हें टीकाकाराच्या मनांत किती सहज वसलें होतें, तें यावरून कळतें.

परंतु या व्यवस्थेंतील एक उणीव झांकून चालणार नाहीं. समूह म्हणजे कोण, याचें उत्तर समूहांतलेच लोक देत. इ. स. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजचें पाणी बांधीव नळानें पुण्यांत आणिलें व शहरांत हौद झाले. तथापि शंभर वर्षांनंतरहि सार्वजनिक पाणी अस्पृश्यांस मोकळें नव्हतें. म्हणूनच १८६८ मध्यें जोतीराव फुले यांना स्वतःच्या घरचा हौद त्यांच्यासाठीं खुला करावा लागला.

या प्रश्नाची खरी कसोटी महाडास लागली. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत, असा ठराव सी. के. बोले यांच्या पुढाकारानें मुंबई कायदेकौन्सिलांत १९२३ मध्यें झाला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेनें १९२४ मध्यें चवदार तळें खुलें केलें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं अस्पृश्यांनीं तेथील पाणी घेतलें, आणि त्याच वर्षीं नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला. स्मृतिकारांच्या भाषेंत यास संविद्‌व्यतिक्रम हेंच नांव शोभतें. पुढें कांहीं सवर्ण रहिवाशांनीं, अस्पृश्यांस तळ्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट अनादि आहे, अशी फिर्याद गुदरली. ती वहिवाट स्मरणातीत असल्याचें वादींस सिद्ध करतां आलें नाहीं, आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें निकाल त्यांच्या विरुद्ध दिला.

संग्राहकांनीं या निकालाकडे विशेष लक्ष द्यावें. वाद प्राचीनतेचा होता, आणि प्राचीनता केवळ सांगून भागली नाहीं. ती पुराव्यानें दाखवावी लागली. तळें, विहीर, घाट, धर्मशाळा, पेठेची चावडी यांसंबंधींचे कागद मोडी दप्तरांत विखुरलेले असतात : वर्गणीच्या याद्या, गाळ काढण्याचा खर्च, पाणी वांटून घेण्याचे करार, तंट्यांचे महजर. त्यांवर मोर्तब क्वचित्, अक्षरहि बहुधा वळणदार नाहीं. त्यामुळें सनदा व राजपत्रें यांच्या शोधांत हे कागद बाजूस पडतात व रद्दींत जातात. असा कागद हातीं आल्यास तो मूळ रुमालांतून वेगळा करूं नये. तो कोणत्या गांवचा, कोणत्या घराण्यांतला व कोणत्या कागदांबरोबर सांपडला, याची टिपण त्याच वेळीं करावी. संदर्भ तुटलेल्या कागदावरून हक्क कोणाचाहि सांगतां येतो. संदर्भासह राखलेल्या कागदापुढें खोटी वहिवाट टिकत नाहीं.