रुग्णशय्येपाशीं शांति

घरांतील एक मूल आजारी पडलें म्हणजे सारें घरच आजारी पडतें. वाशीम जिल्ह्यांतील रिठद गांवाचेंच उदाहरण घेऊं. मध्यरात्रीं मुलाचा ताप चढतो व तें बरळूं लागतें. आई त्याच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवीत बसते, बाप वाहनाच्या शोधांत चार दारें ठोठावितो, आजी देवापुढें दिवा लावते. आणि थोरलीं भावंडें अंथरुणांत डोळे मिटून जागींच असतात. आतांच रिसोडला किंवा वाशीमला न्यावें, कीं उजाडेपर्यंत थांबावें, या विवंचनेंत घटका युगासारखी वाटते. अशा वेळीं 'देवावर भरंवसा ठेवा व शांत राहा' असें कोणीं म्हटलें, तर तें त्या आईस रुचेल काय? ख्रिस्ती धर्म ज्या शांतीविषयीं बोलतो ती नेमकी काय आहे, आणि अशा रात्रीं ती कोणत्या उपयोगाची, याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, शांति म्हणजे मूल खात्रीनें बरें होईल असें आश्वासन नव्हे. तसेंच दुःखच न होणें, असाही तिचा अर्थ नव्हे. संत पौलानें कैदेंत असतां फिलिप्पै येथील मंडळीला जें पत्र लिहिलें, त्यांत बुद्धीच्या आटोक्याबाहेरच्या शांतीचा उल्लेख आहे. पुष्कळ लोक तेवढाच भाग ध्यानांत ठेवितात. परंतु त्याच पत्रांत, थोडें अगोदर, आपला सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारीं गेला होता, हें पौल सांगतो. आणि देवानें त्याला वांचविलें नसतें तर आपणांवर दुःखाची रास पडली असती, असें मोकळेपणानें कबूल करितो. शांतीचा उपदेश करणारा हा पुरुष स्नेह्याच्या दुखण्यानें व्याकुळ झाला होता, हें विसरतां कामा नये.

जर्मनीतील धर्मसुधारक मार्टिन लूथर यांची कन्या माग्दालेना सन १५४२ च्या सप्टेंबरांत, वयाच्या १३ व्या वर्षीं वारली. मुलीवर आपली फार माया आहे, तथापि देवा, तुझी इच्छा असेल तर मी तिला तुझ्या स्वाधीन करितों, अशी प्रार्थना त्यांनीं तिच्या बिछान्याशीं केली. पण पुढें थोड्याच दिवसांनीं एका मित्राला त्यांनीं लिहिलें कीं, ख्रिस्ताच्या मरणाचें चिंतन करूनही हें दुःख पुरतें दूर होत नाहीं. एवढ्या मोठ्या धर्मोपदेशकाला असें लिहितांना लाज वाटली नाहीं. मग आमच्या आईबापांनीं आपले अश्रु अविश्वासाचें लक्षण कां समजावें?

दुसरें ओझें अपराधाचें असतें. मूल अंथरुणाला खिळलें कीं, कोणाची दृष्ट लागली, कोणाचा नवस राहिला, कोणाचें पाप भोंवलें, असा शोध सुरू होतो, आणि बहुधा तो आईपाशीं येऊन थांबतो. ख्रिस्ती घरांत हाच आरोप 'विश्वास कमी पडला' अशा शब्दांनीं येतो, एवढाच भेद. योहानाच्या शुभवर्तमानांत एका जन्मांध मनुष्याला पाहून शिष्य असाच प्रश्न विचारितात, कीं पाप याचें कीं याच्या आईबापांचें? येशू दोघांसही दोषी धरीत नाहीं. जी आई रात्रभर जागते आहे, तिच्या डोक्यावरून हा एक भार उतरला, तरी शांतीची पहिली पायरी चढली असें समजावें.

तिसरी गोष्ट याईराची. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायांत ती आहे. सभास्थानाचा हा अधिकारी आपल्या बारा वर्षांच्या मुलीसाठीं येशूच्या पायां पडतो. परंतु वाटेंत दुसऱ्या एका रोगी स्त्रीसाठीं येशू थांबतो, आणि तेवढ्यांत मुलगी गेल्याचा निरोप येतो. वाहनाची किंवा वैद्याची वाट पाहणाऱ्या प्रत्येक बापाला तो विलंब कळेल. येशू याईराचें भय ओळखतो, त्याला धीर देतो, आणि त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत जातो. मुलगी उठल्यावर तिला कांहीं खावयास द्या, असें तो सांगतो. एवढ्या मोठ्या चमत्कारानंतरही पोरीच्या भुकेची आठवण त्याला राहते! देवाची करुणा आणि घरच्या माणसांची शुश्रूषा हीं परस्परविरोधी नाहींत, हें यावरून उघड होतें.

म्हणूनच औषध घेणें म्हणजे देवावर अविश्वास दाखविणें, ही समजूत घातक आहे. लूक हा तर वैद्यच होता. डॉ. विल्यम वानलेस सन १८८९ मध्यें या देशांत आले व १८९४ मध्यें त्यांनीं मिरजेस रुग्णालय उघडलें. तेथें प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकाच छपराखालीं चालत. मूल कांहीं पीत नसेल, वरचेवर ओकत असेल, त्याला झटके येत असतील किंवा तें निपचित पडलें असेल, तर घरीं थांबूं नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि प्रार्थना वाटेंत करावी.

ही शांति आपल्या महाराष्ट्रांत कशी दिसली, हें पाहावयाचें असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचें चरित्र वाचावें. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं झाला. लक्ष्मीबाईंनीं तो कांहीं वर्षांनीं घेतला. त्यापूर्वींच या दांपत्याला पोटच्या मुलांचा वियोग सोसावा लागला होता. पुढें अहमदनगरास प्लेग आला तेव्हां लक्ष्मीबाई रोग्यांच्या सेवेस गेल्या, आणि परक्यांच्या पोरक्या मुलांना त्यांनीं आपल्या घरीं वाढविलें. सन १९३४ ते १९३७ या काळांत भागशः प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत त्यांनीं आपलीं दुःखें झांकलीं नाहींत, आणि आपलें हसूंही झांकलें नाहीं.

तर मग ही शांति म्हणजे काय? मूल आणि आईबाप हीं सर्व एकाच प्रेमळ पित्याच्या हातीं आहेत, मग मूल बरें होवो वा न होवो, अशी मनाची ओळख. गेथशेमाने बागेंत येशूनेंही प्रथम दुःखाचा प्याला टळावा अशीच याचना केली, आणि मग पित्याच्या इच्छेला मान तुकविली. तेव्हां 'प्रभो, माझें लेकरूं बरें कर' असें निःसंकोच मागावें. त्यानें भीति सर्वस्वी नाहींशी होईल असें नाहीं. पण थरथरणारा हात औषधाचा चमचा नीट धरूं लागेल.

विद्यार्थीमित्रहो, घरांत भावंड आजारी असेल तर तुमच्याही हातीं कांहीं आहे. पाणी भरून ठेवा, धाकट्यांना सांभाळा, आईला घटकाभर निजूं द्या. शेजारीं असा प्रसंग असेल तर उपदेश करूं नका. भाकरीचा डबा घेऊन जा, आणि थोडा वेळ मुकाट्यानें बसा. देवाची शांति पुष्कळदां अशाच वाटेनें घरांत येते.