शिकाऊ मानसशास्त्रज्ञाचा बुधवार

पहाटे ५.३०
शारजात भाडं कमी आणि शाळा दुबईत, हे गणित आमच्यासारख्या कितीतरी घरांनी मांडलेलं आहे. सहाच्या आत निघालं तर शाळेचा भाग, दुबईतलं कुसैस, फार लांब नाही. सव्वासहानंतर मात्र अल इत्तिहाद रोडचा काही नेम नाही. त्याच गर्दीत शाळेच्या बसमध्ये मुलं पेंगत असतात. म्हणून 'पहिल्या तासाला लक्ष नसतं' अशी तक्रार आली की मी आधी मुलाचा बस-स्टॉप विचारते.

७.१५
इथल्या सरकारी शाळा मुख्यतः अमिराती मुलांच्या. भारतीय मुलं बहुतेक खासगी शाळांत, आणि माझी इंटर्नशिप अशाच एका सीबीएसई शाळेत. इन्क्लुजन (सर्वसमावेशक शिक्षण) विभाग म्हणजे दोन टेबलं आणि एक कुलपाचं कपाट. २००६च्या कायद्याने अपंग मुलांना या देशात शिक्षणाचा हक्क दिला. २०१७मध्ये दुबईतल्या खासगी शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केएचडीए या सरकारी संस्थेने सर्वसमावेशक शिक्षणाचा आराखडा आणला, आणि खासगी शाळांना या कामासाठी माणसं नेमणं भाग पडलं. कागदावर सगळं छान आहे. पण वर्गात मुलाशेजारी बसणाऱ्या साहाय्यक शिक्षिकेचा पगार पुष्कळदा आईबापच भरतात. मला हे पटत नाही. पण इंटर्नला विचारतो कोण!

८.००
दुसरीचा वर्ग. मागच्या बाकावर बसून एकाच मुलाकडे बघायचं आणि ते त्याला कळू द्यायचं नाही. दर मिनिटाला एक खूण: कामात आहे, भलतीकडे बघतोय, जागेवरून उठला. वर्गशिक्षिकेच्या फॉर्मवर 'स्लो लर्नर, सूचना पाळत नाही' असा शेरा आहे. माझ्या खुणा वेगळंच सांगतात. फळ्यावरची बेरीज सोडवताना तो सगळ्यांच्या बरोबर असतो. मॅम तोंडी काही सांगतात तेव्हा मात्र तो आधी शेजाऱ्याकडे बघतो आणि मग पान उलटतो.

९.३०
आता तोच माझ्यासमोर बसलाय. रेव्हनची रंगीत आकृत्यांची चाचणी: ३६ आकृत्या, प्रत्येकीतला एक तुकडा गायब, खाली सहा पर्याय. उत्तर बरोबर की चूक, हे माझ्या चेहऱ्यावरही दिसता कामा नये. ओठांत जिभेचं टोक धरून तो आकृतीवरून बोट फिरवतो आणि स्वतःशीच पुटपुटतो, "हे नाही... हे उलटं आहे... हां, हे!"

शाळेच्या फाइलमध्ये त्याची घरची भाषा इंग्रजी अशी नोंद आहे.

चाचणी संपल्यावर मी मराठीत विचारलं, घरी कोण कोण असतं? मघाशी इंग्रजीत 'येस', 'नो' यापलीकडे न गेलेला मुलगा सुरूच झाला. आजी रोज जेवताना व्हिडिओ कॉलवर असते. तिच्याकडे बोका आहे. बोक्याने दुधाचं पातेलं पाडलं, आजोबा त्याच्यामागे काठी घेऊन धावले आणि स्वतःच घसरले. सुरुवात, मध्य, शेवट, सगळं जागच्या जागी.

अशा मुलाला मराठीत तपासायची साधनं आहेत, पण जुनी. व्ही. व्ही. कामतांनी १९३०च्या दशकात बिनेची बुद्धिमत्ता चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. १९६९मध्ये नागपुरात मॅलिन यांनी वेक्स्लरच्या बुद्धिमत्ता चाचणीची भारतीय आवृत्ती केली. त्या काळच्या मुलांवरून काढलेल्या आकड्यांनी आजचं दुबईतलं मूल जोखणं अन्यायाचं होईल. म्हणून आकडा आकृत्यांवरून काढायचा आणि भाषेचा अंदाज दोन्ही भाषांतल्या गोष्टींवरून घ्यायचा. वर्गात हिंदी आणि सक्तीची अरबीही आहेच.

११.१५
दहावीतली मुलगी. बाबांची नोकरी गेलीय, घरी परतीची भाषा सुरू आहे, आणि बोर्डाचं वर्ष आहे. "कुणाला सांगणार नाही ना?" इथे सरसकट वचन देता येत नाही. मुलाला इजा होत असेल किंवा तसा धोका असेल, तर कळवणं इथल्या बालहक्कांच्या २०१६च्या 'वदीमा' कायद्याने बंधनकारक आहे. हे मी आधीच सांगते. नोकरीची गोष्ट मात्र या खोलीतच राहील.

१.४५
दुसरीच्या मुलाचे आईबाबा. माझ्या सुपरवायझर मॅडम मलयाळी, त्यामुळे सुरुवात इंग्रजीत. आईने माझं आडनाव वाचलं. "तुम्ही मराठी? कुठल्या?" ठाणं म्हटल्यावर तिने खुर्ची पुढे ओढली. "मग तुम्हीच यांना समजवा ना. आपल्यातल्या आहात. रिपोर्टमध्ये काही लिहू नका. उद्या पुण्याला परत जावं लागलं तर कुठली शाळा घेईल त्याला?"

भीती खोटी नाही. पण तिसऱ्याला न कळणाऱ्या भाषेत टेबलावर व्यवहार नको, ही मॅडमची शिस्त. तिचं बोलणं मी तिथल्या तिथे मॅडमना इंग्रजीत सांगितलं आणि मॅडमचं तिला मराठीत: मुलाची विचार करण्याची कुवत वयाप्रमाणे आहे, अडतंय ते इंग्रजी समजण्यात.

"कसं शक्य आहे? घरी आम्ही मुद्दाम इंग्रजीच बोलतो," बाबा म्हणाले.

"तुम्ही सातला जाता आणि नऊला येता," आई म्हणाली. "बोलते मी. आणि मी मराठीच बोलते."

३.००
अहवाल मी लिहायचा, सही मॅडमची, परवाना त्यांचा. 'स्लो लर्नर' गेलं. साहाय्यक शिक्षिकेची गरज नाही. छोट्या गटात इंग्रजीचे जादा तास. वाचनातही खरी अडचण असू शकते, आज छातीठोक सांगता येत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं. भाषा न येणं आणि शिकता न येणं एकाच फॉर्मवर एकाच शेऱ्यात बसवण्याची घाई शाळेला असते. तो शेरा खोडून काढायला अख्खा दिवस जातो.

परदेशी असलेल्या मराठी आईबाबांना एक विनंती. प्रवेश अर्जात घरच्या भाषेचा रकाना असतो. मूल आईशी आणि आजीशी ज्या भाषेत बोलतं, तीच तिथे लिहा. इंग्रजी लिहिलंत, तर तुमच्या मुलाची तपासणीही इंग्रजीतच होईल.