रक्त वाचायला शिकताना

“अंगात रगतच नाही राह्यलं जी.” बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात ओपीडीच्या बाकावर घटकाभर बसलं, की हे वाक्य कानावर पडतंच. कधी सासू सुनेबद्दल बोलत असते, कधी बाप लेकाबद्दल. डॉक्टर डोळ्याची खालची पापणी ओढून बघतात, तळहात बघतात, लोहाच्या गोळ्या लिहून देतात. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या ५४ टक्क्यांहून अधिक बायकांना रक्तक्षय असल्याचं दिसलं होतं, आणि रक्तक्षयाचं सगळ्यांत मोठं कारण लोहाची कमतरता हेच आहे.

पण ‘रक्त कमी’ हे लक्षण आहे, रोगाचं नाव नव्हे. त्यामागे पोटातले जंत असतील, मूळव्याध असेल, बी-१२ जीवनसत्त्वाचा तुटवडा असेल, सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल, आणि एखाद्या वेळी रक्ताचा कर्करोगही असेल. तक्रार तीच, पण उपचार काही रुपयांच्या गोळीपासून अस्थिमज्जा प्रत्यारोपणापर्यंत कुठलाही असू शकतो. या सगळ्यांतला फरक ओळखणारा माणूस म्हणजे रक्तविकारतज्ज्ञ, हिमॅटॉलॉजिस्ट. तो घडायला किती वर्षं लागतात हे ऐकलं, की जिल्ह्याच्या ठिकाणी तो का दिसत नाही ते आपोआप कळतं.

एमबीबीएसची साडेचार वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप. मग मेडिसिन किंवा बालरोग यांसारख्या विषयात तीन वर्षांची एमडी. त्यानंतर देशपातळीवरची नीट-एसएस ही परीक्षा, आणि जागा मिळालीच तर डीएम क्लिनिकल हिमॅटॉलॉजीची आणखी तीन वर्षं. बारावीनंतर साडेअकरा वर्षं, तीही मध्ये एकदाही न अडखळता. शेवटच्या तीन वर्षांत हे डॉक्टर ‘एसआर’ म्हणून ओळखले जातात, म्हणजे सीनिअर रेसिडेंट. शिकणारेही तेच आणि वॉर्ड चालवणारेही तेच.

ही तीन वर्षं दोन ठिकाणी जातात. एक रुग्णाची खाट, दुसरं सूक्ष्मदर्शक. वैद्यकाच्या बहुतेक शाखांत तपासणी एकजण करतो आणि रिपोर्ट दुसरा देतो. रक्तविकाराच्या डॉक्टरला मात्र स्वतः काचेवर बघावं लागतं. एक थेंब रक्त काचपट्टीच्या एका टोकाला ठेवायचा, दुसऱ्या पट्टीची कड त्याला टेकवायची आणि एका दमात पुढे ओढायची. हात चुकला तर थर जाड होतो, नाहीतर पट्टी मध्येच कोरडी राहते. जिभेच्या आकाराचा, टोकाकडे विरळ होत जाणारा थर जमला तरच कामाचा. मग त्यावर लीशमनचं रंगद्रव्य, दोन मिनिटांनी बफरचं पाणी, आणखी काही मिनिटं थांबून पट्टी धुवायची. तेलाच्या भिंगाखाली लाल पेशी फिक्या गुलाबी दिसतात आणि पांढऱ्या पेशींची केंद्रकं जांभळी. शिकवायला दोन किंवा अधिक डोळ्यांचा सूक्ष्मदर्शक असतो. गुरू आणि रेसिडेंट एकाच वेळी तीच पेशी बघतात, आतला बारीक बाण सरकतो आणि प्रश्न येतो, “ही कोण?”

या कामात शिकाऊ डॉक्टरची नजर किती मोलाची ठरू शकते, याचा दाखला या शास्त्राच्या इतिहासातच आहे. १९०४ साली शिकागोच्या एका रुग्णालयात ग्रेनाडा बेटाहून आलेला, दंतवैद्यक शिकणारा वॉल्टर नोएल हा विद्यार्थी दाखल झाला. त्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी पहिल्यांदा पाहिल्या त्या अर्नेस्ट आयर्न्स या इंटर्नने. वरिष्ठ डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ते प्रसिद्ध केलं आणि शोध त्यांच्या नावावर जमा झाला. तो आजार म्हणजे सिकलसेल.

बुलढाण्याशी थेट नातं सांगणारं उदाहरण मात्र याहून साधं आहे. जिल्ह्यात शाकाहारी कुटुंबं भरपूर, माळकरी घरं तर पिढ्यानपिढ्यांची. दूधदुभतं पुरेसं पोटात गेलं नाही तर अशा आहारात बी-१२ कमी पडतं. रुग्ण येतो तेव्हा हिमोग्लोबिन पार खाली, पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट्स कमी. तिन्ही आकडे एकदम घसरलेले रिपोर्टवर दिसले की घरच्यांच्या कानावर ‘ब्लड कॅन्सरचा संशय’ हे शब्द पडतात आणि शेत विकायच्या गोष्टी सुरू होतात. शिकलेला डॉक्टर आधी हात बघतो. बोटांच्या पेरांवर काळेपणा आहे का? जीभ लाल, गुळगुळीत झाली आहे का? पायांना मुंग्या येतात का? मग काचपट्टी. एरवी तीन-चार पाकळ्यांचं केंद्रक असणाऱ्या पांढऱ्या पेशीत सहा-सात पाकळ्या दिसल्या, लाल पेशी अंडाकृती आणि मोठाल्या निघाल्या, की निदानाची दिशा ठरते. रक्तातलं बी-१२ मोजून खात्री करायची. इंजेक्शन स्वस्त असतं आणि आठवडाभरात नव्या लाल पेशी रक्तात उतरू लागतात. एका कुटुंबाची जमीन वाचवणारं हे ज्ञान आहे, आणि त्यासाठी डीएमच असायला हवं असं नाही. नीट शिकलेला एमडीही ते करू शकतो. बी-१२ चा प्रश्न जिल्ह्यातच सुटायला हवा, त्यासाठी मुंबई गाठावी लागता कामा नये.

उलट बाजूचं उदाहरण रात्रीचं आहे. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, ताप. काचपट्टीवर दाणेदार, बेढब पेशी, आणि एखादीच्या पोटात बारीक काड्या एकमेकींवर रचलेल्या, अगदी सरपणाच्या मोळीसारख्या. अॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. या कर्करोगात पहिले काही दिवस सर्वांत घातक, कारण रक्त गोठण्याची सगळी व्यवस्था कोलमडते आणि मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. जनुकीय तपासणीचा रिपोर्ट यायला वेळ लागतो. तोवर थांबायचं नसतं. संशय आला की त्याच रात्री ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेली आट्रा नावाची कॅप्सूल सुरू करायची, प्लेटलेट्स मागवायच्या. पुढचं औषध असतं आर्सेनिक ट्रायऑक्साइड. जुन्या माणसांना ठाऊक असलेलं हे विष म्हणजे सोमल, चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात रक्ताच्या कर्करोगावर वापरून पाहिलेलं. सुरुवातीचा रक्तस्राव निभावला तर या दोन औषधांनी दहातले नऊ रुग्ण पूर्ण बरे होतात. हे सगळं त्या रात्री वॉर्डात हजर असलेल्या रेसिडेंटच्या ओळखण्यावर टेकलेलं असतं.

अस्थिमज्जेची तपासणी हा या प्रशिक्षणातला आणखी एक टप्पा. नातेवाईक तिला ‘पाठीतलं पाणी काढणं’ समजतात आणि पाय लुळे पडतील म्हणून घाबरतात. म्हणून सुई हातात घेण्याआधी समजावून सांगणं शिकावं लागतं, की ही सुई मणक्यात जात नाही, कमरेच्या मागच्या हाडात जाते. रुग्णाला कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला लावतात, भूल देऊन ती जागा बधिर करतात. सुई फिरवत हाडाच्या आत शिरली की हाताला अचानक सैल लागतं. मज्जा ओढताना काही सेकंद कळ येते, भूल असली तरी येते, आणि तसं आधीच सांगितलेलं बरं. काचेवर टाकलेल्या रक्तात रव्यासारखे कण दिसले तर मज्जा खरोखर मिळाली. नाही दिसले तर पुन्हा प्रयत्न.

या शास्त्राला महाराष्ट्राने दिलेली देणगी मोठी आहे. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा रक्तगट शोधला, की ज्याला ‘ओ’ गटाचं रक्तही चालत नाही. जगभर तो ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणून ओळखला जातो. आज परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातच राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. तिथून जवळच टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. पोलिओमुळे ते स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून काम करत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या भारतीय बनावटीच्या कार-टी पेशी उपचाराचं लोकार्पण ४ एप्रिल २०२४ रोजी झालं.

हे सगळं परळ-पवईत. मलकापूर स्टेशनपासून ते सुमारे पाचशे किलोमीटर आहे. घाटाखालची माणसं मलकापूर किंवा शेगावला रात्री विदर्भ एक्सप्रेस पकडतात आणि सकाळी दादरला उतरतात. टाटाला येणाऱ्या कितीतरी कुटुंबांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आसरा असतो. गाडगेबाबा वऱ्हाडातलेच. घाटावरची, चिखली-मेहकरकडची माणसं संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाचा रस्ता धरतात, काहीजण अकोला किंवा नागपूरला जातात. सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना एसटीचा प्रवास मोफत आहे. ही सवलत मोलाचीच, पण गुडघ्यात रक्त साचून सुजलेल्या मुलाला बसमधले ते चार तास किती मोठे वाटतात, हे त्याच्या आईला विचारावं.

सिकलसेलचा विदर्भाशी संबंध जुना आहे. १९५८ मध्येच नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात केली. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी वस्त्या आहेत, आणि तिथे हात-पाय ठणकणाऱ्या पोराला ‘वात’ झाला असं म्हणून चोळून देणारी घरं आजही आहेत. आई-बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता पंचवीस टक्के. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांची तपासणी करायचं आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचं लक्ष्य आहे. चंद्रपूरला हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी आयसीएमआरचं स्वतंत्र केंद्र उभं राहिलं आहे. पण तपासणीत ‘सिकल’ निघालेल्या मुलाला हायड्रॉक्सियुरिया हे औषध किती द्यायचं, छातीत दुखून श्वास अडला तर रात्रीत काय करायचं, हे ठरवणारा डॉक्टर जवळ लागतो.

तो जवळ यावा यासाठी एक वाट आधीच आखलेली आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमानुसार एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येक रेसिडेंटला तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करावं लागतं. मेडिसिन, बालरोग, पॅथॉलॉजी, सगळ्यांनाच. काही विद्यार्थ्यांना ते वनवास वाटतं. खरं तर रक्तक्षयाचे इतके नाना प्रकार एका सकाळी, एकाच रांगेत दुसरीकडे क्वचितच बघायला मिळतील. त्या तीन महिन्यांत पॅथॉलॉजीचा रेसिडेंट आणि मेडिसिनचा रेसिडेंट रोज तासभर एका सूक्ष्मदर्शकाशी बसले, तरी मुंबईच्या कितीतरी फेऱ्या टळतील, आणि ज्यांना जायलाच हवं ते वेळेत निघतील.

बुलढाण्यात आता स्वतःचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राज्यातल्या दहा नव्या महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांतलं हे एक. पहिल्या तुकडीतल्या कुणी रक्तविकारतज्ज्ञ व्हायचं ठरवलं आणि सगळं सुरळीत पार पडलं, तर ते साल असेल २०३६. मात्र या विषयाची ओळख पहिल्याच वर्षी होते. शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी स्पिरिटने आपलंच बोट पुसतात, सुई टोचून एक थेंब काढतात, दुसऱ्या पट्टीची कड टेकवून तो एका दमात पुढे ओढतात आणि त्यावर लीशमन ओततात. मग एक डोळा मिटून भिंगात बघत, वहीत रेघा मारत, स्वतःच्या शंभर पांढऱ्या पेशी मोजतात.