नावाचे खंड आणि स्वराचा आघात

शिरूर तालुक्यातील वडगाव रासाई हे नाव कागदावर पाहिले, तर पहिल्या शब्दात व, ड, गा, व अशी चार अक्षरे दिसतात. गावचा मनुष्य मात्र 'वड्‌–गाव्‌' असे दोनच खंड उच्चारतो. 'ड' मधील व अखेरच्या 'व' मधील अकार तो गिळून टाकतो. हे त्याला कोणी शिकविलेले नसते. परक्याला मात्र केवळ लेखनावरून ते कळावयाचे नाही. इटालियन नावे वाचताना मराठी वाचकाची स्थिती नेमकी या परक्यासारखी होते.

त्या भाषेत शब्दाचे खंड पाडणे सोपे आहे. दोन स्वरांमधील एकेरी व्यंजन पुढच्या स्वराकडे जाते : रो–मा, मि–ला–नो. द्वित्त व्यंजन मधोमध फुटते. 'पक्का' या शब्दाचे जसे पक्‌–का, तसे शहर या अर्थाच्या 'चित्ता' शब्दाचे चित्‌–ता. अखेरचा स्वर सहसा गिळला जात नाही.

खरी अडचण आघाताची. तो बहुधा उपान्त्य खंडावर पडतो. 'मिलानो'त 'ला' वर. परंतु नापोली, मोदेना, तेवेरे या नावांत तो पहिल्याच खंडावर आहे, आणि लेखनात त्याची खूण नाही. आघात अंत्य स्वरावर असेल, जसा 'चित्ता'त, तरच चिन्ह देणे आवश्यक मानतात. मराठीत आघाताने सहसा अर्थ पालटत नाही, तेथे पालटतो. 'आंकोरा' मध्ये पहिल्या खंडावर जोर दिला तर जहाजाचा नांगर, दुसऱ्यावर दिला तर 'अजून'.

तेवेरे म्हणजेच टायबर नदी. तिच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या नदीच्या खोऱ्यात मराठी रक्त सांडले, तिचे नाव महाराष्ट्रात इंग्रजी मुखातून, 'टायबर' होऊन आले. तिचे तेथील नाव, पहिल्या 'ते' वर जोर देऊन, फार थोड्यांच्या कानी पडले असेल.

उलट दिशेनेही हेच घडते. रोमन लिपीत गेलेल्या 'वडगाव'चे परका वाचक 'वडगाओन' करतो. लिपी अक्षरे पोहोचविते. खंड आणि आघात माणसाच्या मुखातच राहतात. म्हणून अपरिचित नाव मोठ्याने वाचण्यापूर्वी ते त्या गावच्या माणसाकडून एकदा ऐकून घ्यावे, हेच उत्तम.