सात रकाने ते एकवीस

दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, अशा मुलाला कोणत्या शाळेत घालायचे? मुंबईत दादरची अंधशाळा 1900 पासून होती, कर्णबधिरांची शाळा तर त्याही आधीपासून. पण अंधशाळेतले शिक्षक बोलून शिकवत आणि कर्णबधिरांच्या शाळेत मुले ओठांच्या हालचाली पाहून शिकत. या मुलाला दोन्हीकडची दारे बंद. 1977 साली बेरोज वाच्छा यांच्या पुढाकाराने मुंबईत हेलन केलर संस्था उभी राहिली, तेव्हा देशात पहिल्यांदा बधिरांध मुलांसाठी वेगळी शाळा झाली. हाताच्या तळव्यावर खुणा करून, वस्तू चाचपायला लावून तिथे शिकवणे सुरू झाले. कायद्यात त्यांचा स्पष्ट उल्लेख यायला मात्र 2016 उजाडले.

विशेष शिक्षणातल्या प्रवर्गांचा इतिहास थोड्याफार फरकाने असाच घडला आहे. आधी कुणीतरी आई किंवा शिक्षिका एका मुलासाठी धडपडते, शाळा उभी राहते आणि सरकारी फॉर्मवरचा रकाना कितीतरी वर्षांनी येतो. मेंदूच्या पक्षाघाताने (सेरेब्रल पाल्सी) बाधित असलेल्या आपल्या मुलीसाठी योग्य शाळा सापडेना, म्हणून मिथू अलूर यांनी 1972 साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी सुरू केली. 1995च्या अपंग व्यक्ती कायद्याने सात प्रवर्ग ठरवले, त्यात अशी मुले हालचालींच्या अपंगत्वात मोजली गेली. हातपाय मोजले गेले; बोलण्याची, गिळण्याची, शिकण्याची अडचण टक्केवारीच्या बाहेर राहिली. सवलतींसाठी किमान 40 टक्के अपंगत्वाची अट होती. या कायद्यात स्वमग्नतेचे नावच नव्हते. ते 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आले. तोवर अनेक स्वमग्न मुलांच्या हाती ‘मतिमंद’ असाच दाखला पडत असे.

हा दाखला ज्यावर ठरे, त्या बुद्धिमापनाची गोष्ट त्याहून जुनी आहे. फ्रान्सच्या बिने यांची चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी 1930च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. ‘बिने-कामत’ आजही दवाखान्यांत वापरली जाते. इतक्या जुन्या फूटपट्टीवर आजच्या मुलाचे भवितव्य ठरावे, हे मनाला पटत नाही.

महाराष्ट्राने एका बाबतीत मात्र खरोखर पुढचे पाऊल टाकले. कायद्यात अध्ययन अक्षमतेचा पत्ता नव्हता, तेव्हा, 1996 साली, राज्य सरकारने या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती देऊ केल्या. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे गणित अशी सोय होत गेली. मुंबईत सायन, नायर, केईएम या पालिकेच्या रुग्णालयांतून तपासणी होऊ लागली आणि दहावीचे वर्ष जवळ आले की तिथे पालकांची रांग लागू लागली. जे मूल दुसरीतच वाचताना अडखळत होते, त्याला प्रमाणपत्र मिळे ते परीक्षेच्या तोंडावर. मधली सात-आठ वर्षे ‘आळशी’, ‘लक्ष नाही’ ही बोलणी खाण्यात जात. ‘तारे जमीन पर’ हा अशाच मुलावरचा चित्रपट डिसेंबर 2007मध्ये आला, तेव्हा असंख्य घरांनी आपले मूल पडद्यावर पाहिले.

आणखी एक अडचण भाषेची होती. चाचण्या इंग्रजी वाचनाच्या. त्यात ‘बी’ आणि ‘डी’ची उलटापालट शोधायची. मराठी शाळेतले मूल ‘घ’ आणि ‘ध’ मध्ये फसते, वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ यात अडते, ‘कर्म’ वाचायचे तिथे ‘क्रम’ वाचते. रफार वर दिसतो, पण उच्चारायचा आधी. एवढ्या एका खुणेवर संपूर्ण ओळ थांबते. हे पकडणारी साधने मराठीत येण्यास फार वेळ लागला. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015मध्ये आणलेल्या ‘डाली’ या चाचणी-संचात हिंदी, कानडी, इंग्रजीबरोबर मराठी होती.

2016चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल 2017पासून लागू झाला आणि प्रवर्ग एकवीस झाले. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, वाचा व भाषा दोष, स्नायूंचा क्षय यांना स्वतंत्र जागा मिळाली. सिकलसेलही आला. गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांतून वेदनांचे झटके सोसत, दिवसेंदिवस शाळा बुडवणाऱ्या मुलांसाठी त्याचा अर्थ मोठा आहे. 2018च्या मार्गदर्शक सूचनांनी अध्ययन अक्षमतेची चाळणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी शिक्षकांनी करावी, असेही सांगितले.

तरीही वर्गात एक मूल उरतेच. बुद्ध्यांक 70 आणि 84च्या मधला. मतिमंदत्वाच्या रेषेच्या वर, सरासरीच्या खाली. गणिताची एक पायरी त्याला चार वेळा समजवावी लागते, पण समजते. त्याला अध्ययन अक्षमतेतही धरता येत नाही, कारण तिथे बुद्ध्यांक त्याहून जास्त लागतो. एकवीस प्रवर्गांच्या यादीत त्याला जागा नाही, त्यामुळे दाखलाही नाही. ते पाचवीत, सहावीत मागच्या बाकावर बसते आणि त्याच्यासाठी थांबायचे की पुढे जायचे, हे साठ मुलांच्या वर्गातल्या बाईंना रोज एकटीने ठरवावे लागते.